मपला वाटा

आज जमेच्या बाजूला एक नवी ओळ लिहिली :
राज्य लॉटरी, महसुलातील हिस्सा,
ग्रामपंचायत बोरखडी, तालुका जिंतूर,
अकरा हजार तीनशे चाळीस.
लोकसंख्येच्या हिशोबानं.
म्हणजे जे उसाला गेलेत तेही मोजलेत
आणि जे मसणात गेलेत तेही;
दोन हजार अकरापासून इथं कुणी मेलंच नाही
सरकारदरबारी.

रजिस्टरात या पैशाला रकाना नव्हता.
घरपट्टीला आहे, पाणीपट्टीला आहे,
कोंडवाड्यातल्या म्हशीच्या दंडालासुद्धा आहे.
नशिबाला नाही.
मी ‘इतर’मध्ये टाकले.

त्या ग्रामसभेला कोरम भरला,
मपल्या नोकरीत पहिल्यांदाच.
सरपंच चतुराबाई म्हणाल्या, नालीवर टाकू.
उपसरपंच म्हणाला, कमान करू, गावाचं नाव दिसंल.
‘अकरा हजारात कमानीचा एकच पाय हुभा ऱ्हाईल’,
मागून कुणीतरी बोललं
आणि सतरंजीवरची सगळी माणसं हसली.

युनूसभाई बागवान हसले नाहीत.
सतरा वर्षं जिंतूरच्या स्टँडवर,
रसवंतीच्या शेजारी, दोरीला चिमट्यांनी
तिकिटं टांगून बसणारा माणूस.
त्यांनी खिशातून वही काढली,
रबर सोडलं, मनगटात घातलं.
‘गेल्या साली गावानं मपल्याकडून नेली
दोन लाख साठ हजाराची.
बक्षिसं लागली समदी मिळून एकोणतीस हजार,
ती बी शंभर-शंभरानं.
अन् हे आता अकरा.’
वही मिटली. रबर लावायचं विसरले.

कामून कुणास ठाऊक, पण
नाव न घेता वाचलेल्या त्या वहीनं
अर्ध्या सभेच्या माना खाली घातल्या.

तेव्हा बायांच्या बाजूनं गयाबाई खिल्लारे उठली.
पदर खोचला नाही, आवाज चढवला नाही.
‘मपला मालक रोज एक घेतो, सणाला दोन.
तुपलं कमिशन, युनूसभाई.
राज्याचं राज्याला.
नाली समद्यांची.
ग्रामसेवक, तुमी शिकलेले,
सांगा, ह्या अकरा हजारात मपलं किती?’

वीस रुपये गुणिले तीनशे पासष्ट,
हे मला तोंडी येतं.
पण पुढचा भागाकार आला नाही.
तिचा मालक दाराशी बसून
आपल्याच चपलेचा अंगठा शिवल्यासारखा दाबत होता.

‘फाट्यावर लाईट लावा’, ती म्हणाली.
‘लास्ट गाडीनं उतरतो, तिकीट खिशात घालून.
वढ्यातून यायचं असतंय.
मी मोबाईलची बॅटरी धरून हुभी.
चार्जिंग सरलं की नुसती हुभी.’

ठराव क्रमांक सात. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
खांब नऊ हजार चारशे.
उरलेल्यात अंगणवाडीचा वजनकाटा दुरुस्त,
जो तीन वर्षं प्रत्येक लेकराला
सहा किलोच सांगत होता.

आता फाट्यावर उजेड आहे.
किडे आहेत, दोन कुत्री आहेत,
आणि गाडीतून उतरलेले चार-पाच जण
घरी न जाता तिथंच थांबतात,
मोबाईलवर निकाल लावून
आकडे जुळवतात, एकमेकांचे धरून.
गयाबाई येत नाही आता. गरज उरली नाही.
तिला हे कुणी सांगितलं का, ठाऊक नाही.

मार्चमध्ये ऑडिटला पालीमकर साहेब आले.
कॅशबुक उघडली तर ‘इतर’च्या पानातून
एक तिकीट घरंगळलं.
‘हे कोणतं व्हाउचर?’

माझंच होतं. खूण म्हणून ठेवलेलं.
साहेबांनी उलटं केलं, तारीख वाचली,
सोडत होऊन दीड महिना झालेला.
‘पाहिला नाहीत निकाल?’
नाही साहेब.
जोवर पाहिला नाही तोवर ते जमेच्याच बाजूला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला,
तिकीट होतं त्याच पानात ठेवलं
आणि लाल पेनाचं टोपण बसवून,
चहा येईस्तोवर खिडकीतून बघत राहिले
फाट्याकडे, जिथं भर दुपारी
कुणी बंद न केलेला दिवा जळत होता.